ओल्या काचेवरची चार मिनिटे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आम्ही उभयता व्यवसायाने छायाचित्रकार नव्हे. हात काळे करून घेण्याचा हा छंद आम्हांला निवृत्तीनंतर जडला. हे अक्षरशः घ्यावे, कारण सिल्व्हर नायट्रेटचा डाग साबणाने जात नाही. कातडी बदलेल तेव्हाच जातो.

आपल्या या जयपूरच्या जंतरमंतरात, सम्राट यंत्राच्या बांधकामातच, षष्ठांश यंत्राची अंधारी खोली आहे. वरच्या बारीक छिद्रातून माध्यान्हीचे ऊन आत शिरते आणि अंशांच्या खुणा असलेल्या कमानीवर सूर्यबिंब उमटते. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात बांधलेली ही खोली म्हणजे अवाढव्य पिनहोल कॅमेराच. आत काच लावायची तेवढी राहिली. ती खोली पाहून परतल्यावर आम्ही पहिली पेटी केली.

काचेची विद्या मात्र इंग्लंडातली. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ साली ती प्रसिद्ध केली, पेटंट घेतले नाही आणि १८५७ साली ते गरिबीत वारले. तिचा प्रसार झपाट्याने झाला. याच शहरात महाराज सवाई रामसिंग स्वतः ओल्या काचांवर छायाचित्रे घेत. छायाचित्रणाचे वेड आपल्याकडेही तेव्हाचेच. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली तेव्हा डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघेही तीत होते. नारायण दाजी तर वैद्यकी सांभाळून छायाचित्रे काढीत.

कृती सांगायला सोपी आहे. बंदुकीचा कापूस ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवून, त्यात आयोडाइड-ब्रोमाइडचे क्षार घालून कोलोडियन करतात. ते स्वच्छ काचेवर ओतून, तवा कलता करून घावनाचे पीठ फिरवावे तसे चारही कोपऱ्यांपर्यंत न्यायचे. मग काच तीनेक मिनिटे सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात भरायची. छायाचित्र घेऊन लगेच हिराकसाच्या पाण्याने ते प्रकट करायचे, हायपोने पक्के करायचे, शेवटी वॉर्निश. हे सारे काच वाळण्यापूर्वी, वॉर्निश तेवढे वाळल्यावर. पूर्वी हायपोऐवजी सायनाइड वापरीत. घरात नातवंडे असल्याने आम्ही त्या वाटेला गेलो नाही.

या काचेला तांबडा रंग दिसत नाही. म्हणून अंधाऱ्या खोलीत लाल दिवा चालतो, आणि म्हणूनच छायाचित्रात कुंकू काळे येते. निळे आकाश मात्र पांढरेफेक.

आता अडचण ऐका. भिंगाचा कॅमेरा असेल तर ओल्या काचेला काही सेकंद पुरतात. आमच्या पेटीला भिंग नाही. पितळी पत्र्याला सुईने पाडलेले ०.३५ मिलिमीटरचे छिद्र, आणि त्यामागे ७५ मिलिमीटरवर काच. भर उन्हातही तीन-चार मिनिटे हवीत. जयपूरच्या मे महिन्यात तेवढ्यात काच वाळून चित्राचे वाटोळे होते. छिद्र म्हणते थांब, काच म्हणते उरक. आम्ही पेटीत ओला टीपकागद लावला आणि थंडीची वाट पाहिली. पहिली पेटी लाडवांच्या पत्र्याच्या डब्याची होती. चांदीचे पाणी पत्र्याला लागले की काचेवर डाग धरतात, हे कळायला आमच्या अकरा काचा गेल्या. मग लाकडी पेटी करून तिला आतून लाखेचे रोगण दिले.

त्या जानेवारीत आम्ही मंडळातल्या सर्वांत वृद्ध आजींकडे गेलो. पन्नास वर्षांच्या समूहछायाचित्रांत त्या बहुधा मागच्या रांगेत, कोणाच्या तरी खांद्याआड आहेत. एकटीचे छायाचित्र घरात एकही नव्हते. आजी नऊवारी नेसून, नथ घालून गच्चीवर बसल्या. डोके भिंतीला टेकलेले, हात मांडीवर. चार मिनिटे त्या हलल्या नाहीत. काच सुरेख आली. हाताशी असावी म्हणून दुसरी घेऊ म्हटले, तर म्हणाल्या, "घ्या की. पण आता रिकामी बसायची नाही हं मी." आणि मटार सोलायला घेतले.

त्या रात्री पहिली काच आम्ही घालवली. वॉर्निशात अल्कोहोल कडक झाले होते. ओतताच चित्राचा पापुद्रा विरघळून खाली ओघळला. बाटलीत डोळाभर पाणी मिसळून आधी वाया गेलेल्या काचेवर पाहिले असते तर हे टळले असते. तेवढा धीर आम्हांला नव्हता. दुसऱ्या दिवशी तोंड पाडून आजींकडे गेलो. त्या म्हणाल्या, "एवढं काय त्यात! पुढच्या थंडीत पुन्हा काढा."

भाद्रपदात आजी गेल्या.

राहिली ती मटारांची काच. तिला आम्ही बिघडलेली समजून वॉर्निशही न करता ठेवले होते. दिवाळीत ती बाहेर काढली, तीन रद्दी काचांवर वॉर्निशाची परीक्षा घेतली आणि मगच तिच्यावर हात धरला. चेहरा स्थिर आहे, कुंकू काळेभोर. हात दिसतच नाहीत. चार मिनिटांत ते एका जागी थांबलेच नाहीत. मांडीवर नुसते धुके आहे आणि बाजूला ठेवलेली परात स्पष्ट.

ती काच मागच्या टेबलावर ठेवली आहे. कडांनी धरावी आणि मागे काळे कापड ठेवून पाहावी, म्हणजे चित्र सुलटे दिसते; नुसती उजेडात धरली तर उजळ जागा काळ्या होतात. आणखी एक. चित्राची बाजू आपल्याकडे केली की डावे-उजवे बदलते. आजींच्या लेकीने पाहताक्षणी म्हटले, "आईची नथ उजवीकडे कशी?" काच उलटी करून तिच्या हाती दिली.