शारजाचं एटीएम आणि माझं पासबुक

आज कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर बरं, थोडा हिशेब आहे. चुलीवर काही ठेवलं असेल तर आधी उतरवून घ्या.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात घरटी नाही म्हटलं तरी वाडीगणिक कुणी ना कुणी आखातात आहे. आतापर्यंत पुरुष जायचे आणि आपण इथे पैशांची वाट बघायचो. आता लेकीसुना तिकडे संसार करतात आणि त्यांच्या बाळंतपणाला आपण जातो. मीही गेले, शारजाला, दोन महिने. जाताना एक ठरवलं होतं. नातवाला चांदीचे वाळे मी घेणार, माझ्या पैशांनी. जावई चांगला आहे, काही बोलायचा नाही, पण त्याच्याकडे हात पसरायचा नव्हता. गटाची फणसपोळी आणि घरची काजू बी विकून खात्यावर चाळीसेक हजार जमले होते. कार्ड पर्समध्ये घातलं आणि निघाले.

पहिल्याच दिवशी यंत्राने कार्ड बाहेर फेकलं. मला वाटलं, पिन चुकला. तसं नव्हतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमाप्रमाणे नवीन कार्ड हातात येतं तेव्हा ते फक्त भारतातच चालतं. परदेशातला वापर आपण सांगून सुरू करून घ्यायचा असतो. नियम आपल्या भल्याचाच आहे, कार्डाचा नंबर चोरून बाहेरच्या देशात कुणी खरेदी करू नये म्हणून. पण मला तो शारजात उभं राहून कळला. बँकेला दिलेला मोबाईल मी घरीच ठेवून गेले होते, बोलायला जावयाचा फोन आहे म्हणून. मग मुलाला सांगितलं, त्याने इथून बँकेच्या ॲपवर ते सुरू केलं. तो घरी नसता तर बसले असते हात चोळत. आणखी एक सांगते, काही रुपे कार्डं मुळातच देशाबाहेर चालत नाहीत. तेव्हा आपलं कार्ड बाहेर चालणारं आहे का, हे शाखेत दाखवून विचारायचं.

कार्ड सुरू झालं आणि मी माझी खोड सुरू केली. बाईमाणसाने जवळ जास्त रोकड ठेवू नये, असं आईने शिकवलेलं. म्हणून दर वेळी १०० दिरहम काढायचे. असे पाच वेळा काढले.

परत आल्यावर पासबुक भरून घेतलं आणि डोळेच फिरले. प्रत्येक रकमेखाली आणखी बारीकसारीक कापलेलं. मी म्हटलं, चोरी झाली! शाखेतल्या खिडकीवरच्या मुलाने मान वर न करता सांगितलं, ‘चार्जेस आहेत, ताई.’ चार्जेस आहेत ते मलाही दिसत होतं. कसले, हे विचारायला तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला एक मॅडम भेटल्या, त्यांनी खुर्ची दिली आणि समजावलं.

आता लिहून घ्या. हे माझ्या बँकेचे तेव्हाचे दर, तुमच्या बँकेचे वेगळे असतील. दिरहमचा भाव सोपा म्हणून २३ रुपये धरू. १०० दिरहम म्हणजे २,३०० रुपये. परदेशी चलन वापरलं म्हणून बँक त्यावर साडेतीन टक्के घेते, ते ८० रुपये ५० पैसे. याला मार्कअप म्हणतात. परदेशी यंत्रातून रोख काढली म्हणून १२५ रुपये, ते दर खेपेला. या दोन्हींची बेरीज २०५ रुपये ५० पैसे, त्यावर १८ टक्के जीएसटी, ३६ रुपये ९९ पैसे. म्हणजे एका खेपेला साधारण २४२ रुपये आणि पाच खेपांना १,२१२ रुपये.

हेच ५०० दिरहम मी एकदम काढले असते तर? मार्कअप तेवढाच, ४०२ रुपये ५० पैसे. पण १२५ रुपये एकदाच. जीएसटी धरून सगळे मिळून ६२२ रुपये. म्हणजे ५९० रुपये माझ्या शहाणपणापायी गेले! आईचा सल्ला खोटा नव्हता, तो गावच्या बाजाराचा होता. मध्ये एकदा शिल्लक किती उरली ते यंत्रात बघितलं, त्याचेही २५ रुपये कापले होते. शिल्लक ॲपवर बघावी, परदेशातल्या यंत्रात बघू नये.

शिवाय तिकडच्या यंत्राची मालक बँकही कधी आपला आकार लावते. तो पडद्यावर आधी दाखवतात आणि मंजूर का विचारतात. नको असेल तर रद्द करून दुसऱ्या बँकेच्या यंत्रावर जाता येतं. मागे रांग आहे म्हणून घाबरून हो म्हणायचं नाही.

वाळे घेतले त्या दुकानाचं आता ऐका. किंमत २०० दिरहम. दुकानातल्या मुलाने कार्ड लावलं, मशीनवर दोन पर्याय आले. तो प्रेमाने म्हणाला, ‘मावशी, रुपयात करू? तुम्हाला समजायला बरं.’ मलाही बरं वाटलं, परक्या मुलखात आपले रुपये दिसले! मशीनने ४,८४० रुपये दाखवले, मी पिन दाबला. आता २०० दिरहमचे २३ च्या भावाने होतात ४,६००. मशीनने मला २४ रुपये २० पैसे भाव लावला होता. रुपयात बिल करून देण्याची सोय दुकानाची बँक फुकट करत नाही, आपली कमाई ती भावातच धरते. वर माझ्या बँकेनेही असल्या व्यवहाराचा एक टक्का आणि जीएसटी लावला, ५७ रुपये. एकूण गेले ४,८९७. दिरहममध्ये केलं असतं तर माझ्या बँकेचा मार्कअप आणि जीएसटी धरूनही ४,७९० मध्ये भागलं असतं.

म्हणून ज्या देशात उभ्या आहात तिथलंच चलन निवडा. आयएनआर म्हणजे भारतीय रुपये, एईडी म्हणजे दिरहम. एटीएमच्या पडद्यावरही हाच प्रश्न येतो, रुपयात बदलून देऊ का? तिथे नाही म्हणायचं. इंग्रजी वाचता येत नसेल तर ही तीन-तीन अक्षरं आधी लेकीकडून कागदावर काढून घ्या. दुकानदाराने परस्पर रुपये दाबलेच, तर पिन टाकण्याआधी रद्द करायला सांगा. पिन टाकेपर्यंत व्यवहार आपल्या हातात असतो.

पासबुकातला भाव त्या दिवशीच्या पेपरातल्या भावाशी तंतोतंत जुळत नाही. व्यवहार बँकेत एक-दोन दिवसांनी पक्का होतो, तेव्हाचा भाव लागतो. दिरहम डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७ दिरहम हे वर्षानुवर्षं ठरलेलं. डॉलर महागला की आपल्याला दिरहमही महागतो. नेपाळात पशुपतिनाथाला जाणाऱ्यांना हा घोर नाही, आपल्या १०० ला त्यांचे १६० हा भाव ठरलेला आहे. पण भाव ठरलेला म्हणून कार्डाचे आकार माफ होतात असं समजू नका.

क्रेडिट कार्ड असेल तर त्यावर रोख अजिबात काढू नका. आकार तर लागतोच, आणि व्याज त्याच दिवसापासून सुरू होतं. सुरुवातीच्या खर्चापुरतं चलन इथूनच, परवाना असलेल्या चलन बदलणाऱ्याकडून पावती घेऊन न्यावं. मी आता गेले तर आणखी एक करीन. तिकडे लेकीला खर्च करू देईन आणि तेवढेच रुपये तिच्या इथल्या खात्यात भरीन. पैसा माझाच राहतो आणि मधल्यांना काही मिळत नाही.

आमच्या गटातल्या एक चाची पुढच्या महिन्यात उमराला निघाल्यात. परवा त्यांच्याबरोबर शाखेत गेले होते. कार्ड बाहेर चालेल का, एका खेपेला किती कापाल, मार्कअप किती, कार्ड हरवलं तर परदेशातून कुठल्या नंबरावर फोन करायचा, एवढं त्यांनी स्वतः विचारलं. खिडकीवर तोच मुलगा होता. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग खणातून दरपत्रक काढून चाचींच्या हातात दिलं. त्यांनी ते घडी घालून पासपोर्टात ठेवलंय.