रेताच्या कांडीतले औषध
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापूस-ज्वारीच्या बैठकीत हा माणूस गाईच्या रेतनाचे काय घेऊन बसला, असे काहींना वाटत असेल. पण बोंडअळीने शिवारात जो धडा दिला, तोच आता गोठ्यात येऊन उभा आहे.

धडा आठवा. बीटी कपाशी २००२ साली आली, दोन जनुकांचे वाण २००६ साली आले. आता अळीची चिंता मिटली असे वाटले. २०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळीने त्याच कपाशीची बोंडे आतून पोखरली. कारण सरळ आहे. सगळीकडे तेच विष असले, की ते पचवून ज्या अळ्या वाचतात त्यांचीच पैदास वाढते. जंतूंचेही तसेच. फरक एवढाच, की अळीच्या पिढीला महिना लागतो आणि जंतूची पिढी ऊब मिळाली तर अर्ध्या तासात तयार होते.

आता कांडी पाहू. पाव मिलिलिटरची ही कांडी उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये असते. रेताबरोबर तिच्यात अंड्याचा बलक, साखर, ग्लिसरॉल आणि प्रतिजैविक असते. प्रतिजैविक कशाला? वळूचे रेत निर्जंतुक नसते. कातडी, केस, शेण, धूळ यांतून जंतू येतातच. १९४० च्या दशकात अमेरिकेत रेतात पेनिसिलीन आणि स्ट्रेप्टोमायसीन घालू लागले, आणि गाय वारंवार उलटवणारा व्हिब्रिओसिससारखा रोग आटोक्यात आला. हे उपकार नाकारायचे नाहीत. पुढे जेंटामायसीन, टायलोसीन, लिंकोमायसीन, स्पेक्टिनोमायसीन अशी चौकडी आली. यातले जेंटामायसीन दवाखान्यात आपल्या लेकरांनाही टोचतात.

कांडीतले औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजण्याइतके थोडे. मग ओरड कशासाठी? एक, गाय आजारी नसतानाही ते प्रत्येक वेळी गर्भाशयात जाते, आणि अशी रेतने लाखोंनी होतात. दोन, गोठवण्याआधी रेत काही तास चार-पाच अंशांवर ठेवतात. त्या थंडीत जंतू सुस्त होतात आणि औषधही नीट काम करत नाही. पुढे गोठवल्यानेही सगळे जंतू मरत नाहीत. तीन, आयबीआरसारख्या विषाणूवर या औषधाचा काडीचाही उपयोग नाही. २०१९ साली जगात औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंनी सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्यात कांडीचा वाटा लहान असेल. पण थेंबाथेंबाचा हिशेब आपल्याला नवा नाही.

पर्याय काय? पहिला आणि स्वस्त पर्याय म्हणजे सफाई. वळू धुवायचा, मुतारीजवळचे केस कातरायचे, प्रत्येक वेळी नवी निर्जंतुक कृत्रिम योनी वापरायची. दुसरा, अंड्याच्या बलकाऐवजी सोयाबीनचे लेसिथिन. बलकातून येणारे जंतू तिथेच थांबतात, आणि सोयाबीन तर आपल्याच रानातले. तिसरा, गाळणी. स्वीडनमध्ये उप्सालाच्या कृषी विद्यापीठात जेन मोरेल यांनी रेत एका दाट द्रवावर ठेवून यंत्रात फिरवण्याची रीत बसवली. चांगले शुक्राणू तळाशी जातात, बरेचसे जंतू वरच राहतात. चौथा, थंडी. डुकराचे रेत पातळच, १७ अंशांवर ठेवतात आणि त्या उबेत जंतू वाढतात. जर्मनीत ते ५ अंशांवर, प्रतिजैविकाशिवाय ठेवण्याचे यशस्वी प्रयोग झाले. जंतू मारणाऱ्या लहान प्रथिनांवरही काम चालू आहे. गाईच्या गोठवलेल्या कांडीत यातला एकही उपाय एकट्याने औषधाची जागा घेईल असे नाही. सफाईच्या जोडीने बसवावे लागतील.

म्हणून उद्यापासून औषध बंद करा, अशी मागणी मी करणार नाही. तसे केले तर रोग तुमच्याच गोठ्यात येईल. मागणी अशी करा: वळूंच्या रोगतपासणीचे आणि रेतातील जंतूमोजणीचे निकाल रेत केंद्राने शेतकऱ्याला दाखवावेत, आणि औषध कमी करण्याचे प्रयोग आपल्याकडच्या देवणी, लाल कंधारी, गवळाऊ जनावरांवर व्हावेत.

आपल्या हातातले आजच करा. रेतन करणाऱ्याला विचारा: कांडी ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरली का? कोरडी पुसली का? हातमोजा आणि नळीवरचे आवरण नवे आहे का? गाईचा मागचा भाग धुऊन पुसून घ्या. गाय उलटली, तर पहिल्याच फेरीला गर्भाशयात औषध सोडू देऊ नका. आधी तपासणी करा. गावभर फिरणाऱ्या, तपासणी न झालेल्या वळूला गाय दाखवू नका. व्हिब्रिओसिस त्याच वाटेने पसरतो.

गाय उलटली की एकवीस दिवसांचा कडबा आणि ढेप वाया जाते. हा तोटा बाटलीतल्या औषधाने भरून निघत नाही. स्वच्छ हाताने आणि वेळेवर केलेल्या रेतनाने तो पुष्कळ टळतो. औषध राखून ठेवा, खऱ्या दुखण्याच्या दिवशी ते चालले पाहिजे.