नावात देश नसलेला देश



१९२२ ते १९९१ या काळात पृथ्वीवरील जमिनीचा सुमारे एक षष्ठांश भाग ज्या राज्याने व्यापला होता, त्याच्या नावात कोणत्याही भूमीचा वा वंशाचा उल्लेख नव्हता. ‘सोव्हिएत समाजवादी प्रजासत्ताकांचा संघ’ हे ते नाव. पुढे जन्मणाऱ्या कोणत्याही समाजवादी प्रजासत्ताकाला त्यात प्रवेश खुला राहील, असे स्थापनेच्या जाहीरनाम्यातच म्हटले होते. आपल्याकडे मात्र त्याला सर्रास ‘रशिया’च म्हणत, अण्णा भाऊ साठे यांच्या प्रवासवर्णनाचे नावही ‘माझा रशियाचा प्रवास’ असेच आहे. बोलण्यातली ही सवय निरुपद्रवी खरी, पण संघाच्या जन्मवेळी वाद झाला तो नेमका याच मुद्द्यावर.

युक्रेन, बायलोरशिया व कॉकेशसमधील प्रजासत्ताके यांना स्वायत्त घटक म्हणून रशियन प्रजासत्ताकातच सामावून घ्यावे, अशी स्टालिनची योजना होती. आजारी लेनिनने सप्टेंबर १९२२ मध्ये तिला विरोध केला. रशियाने इतरांच्या बरोबरीने एका नव्या संघात यावे, असा त्याचा आग्रह होता. नावापुरता तो मान्य झाला. व्यवहार मात्र निराळा होता. संघात कसे सामील व्हावे यावर भांडणाऱ्या एका जॉर्जियन कम्युनिस्टाला मॉस्कोच्या ऑर्जोनिकिद्झेने थप्पड मारली होती. ज्या दिवशी संघाची स्थापना झाली त्याच ३० डिसेंबरला लेनिनने रशियन वर्चस्ववादावर कठोर टिपण सांगायला घेतले. सोव्हिएत वाचकांना ते १९५६ साली वाचायला मिळाले!

आणि नावातील पहिला शब्द? सोव्हिएत म्हणजे समिती. १९०५ च्या संपात इव्हानोव्हो येथील गिरणी कामगारांनी आपले प्रतिनिधी निवडून ती उभी केली. वरून आलेल्या हुकुमाने नव्हे. मार्च १९२१ मध्ये क्रोनश्टाटच्या खलाशांनी त्याच सोव्हिएतांसाठी खुल्या निवडणुका मागितल्या, तेव्हा लाल सेनेने त्यांना चिरडले. म्हणजे देशाच्या नावात हा शब्द चढला तेव्हा त्यातील लोकसत्ता आधीच आटली होती. क्रांतीचा कैवार घेणाऱ्यांनीही हे मान्य केलेच पाहिजे. १९४४ मध्ये चेचेन व क्रिमियन तातार या सबंध समाजांना घरादारातून उचलून मध्य आशियाकडे नेण्यात आले, तेव्हा त्यांची बाजू मांडू शकेल अशी एकही सोव्हिएत उरली नव्हती.

फुटून निघण्याचा हक्क मात्र १९२४, १९३६ आणि १९७७ या तिन्ही घटनांत कायम राहिला. तो बजावायचा कसा, हे सांगणारा कायदा आला एप्रिल १९९० मध्ये. त्यातही दोन तृतीयांश मतांची आणि पाच वर्षांपर्यंतच्या संक्रमणकाळाची अट. १७ मार्च १९९१ च्या सार्वमतात मतदान करणाऱ्यांपैकी सुमारे ७६ टक्क्यांनी संघ टिकवावा असे म्हटले. परंतु पंधरांपैकी सहा प्रजासत्ताकांच्या सरकारांनी ते घेण्याचेच नाकारले. त्या उन्हाळ्यात नव्या कराराच्या मसुद्यात ‘समाजवादी’च्या जागी ‘सार्वभौम’ शब्द आला. २० ऑगस्टला सह्या व्हायच्या होत्या. १९ ला मॉस्कोत रणगाडे उतरले. डिसेंबर संपण्यापूर्वी संघ इतिहासजमा झाला.

२१ फेब्रुवारी २०२२ रोजी पुतिन यांनी आपल्या भाषणात लेनिनला दोषी ठरवले: त्याने प्रजासत्ताकांना फुटून निघण्याचा हक्क दिला, म्हणून. तीन दिवसांनी त्यांचे सैन्य युक्रेनमध्ये शिरले.