धुक्यातली वाट : यूरी नोरश्टेन

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



गणपतीच्या मांडवात रशियन माणसावर भाषण कशाला, असं कार्यक्रमपत्रिका पाहून काहींनी विचारलं. विचारणं रास्त आहे. आम्ही म्हणजे पाच-सहा जण, बहुतेक राज्य सरकारच्या नोकरीतले. महिन्यातल्या एका शनिवारी कुणाच्या तरी घरी जमतो, एखादा सिनेमा बघतो आणि मग चहावर त्यावरून भांडतो. आजवरचं आमचं सर्वांत मोठं भांडण झालं ते एका अशा सिनेमावरून, जो अजून पुराच झालेला नाही. त्याचा दिग्दर्शक यूरी नोरश्टेन. कार्टून फिल्म करणारा माणूस. ते भांडण आज तुमच्यापुढे मांडायचं आहे; पण आधी माणसाची ओळख.

नोरश्टेन जन्मले 15 सप्टेंबर 1941 रोजी. तीन महिन्यांपूर्वीच हिटलरच्या फौजा रशियात घुसल्या होत्या. मॉस्को सोडून आसऱ्याला गेलेल्या ज्यू कुटुंबातलं हे मूल पेंझा प्रांतातल्या एका खेड्यात जन्मलं. पुढे ही मंडळी मॉस्कोला परतली आणि मार्यिना रोश्चा या वस्तीत एका जुन्या घरात राहिली. अनेक बिऱ्हाडं आणि एक सामाईक स्वयंपाकघर. आपल्यापैकी ज्यांचं लहानपण वाड्यात गेलं, त्यांना हे वेगळं सांगायला नको. चित्रकलेच्या शाळांनी मुलाला घेतलं नाही, म्हणून तो फर्निचरच्या कारखान्यात सुतारकामाला लागला. तिथून सोयूझमुल्तफिल्म या सरकारी ॲनिमेशन स्टुडिओचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करून 1961 साली तिथेच नोकरीला. मोठी पदवी नाही. आमच्यातल्या डिप्लोमावाल्यांना हे विशेष आवडलं, हे आम्ही लपवत नाही.

पहिला स्वतःचा सिनेमा 1968 चा, ऑक्टोबर क्रांतीवरचा, एका सहकाऱ्याबरोबर केलेला. वरिष्ठांनी त्याचा शेवट बदलायला लावला. त्यानंतर कोल्हा आणि ससा, बगळा आणि करकोचा अशा लोककथांवरचे छोटे सिनेमे आले. तेव्हापासून चित्रांची बाजू सांभाळली ती पत्नी फ्रान्चेस्का यारबुसोवा यांनी. पात्रं, झाडं, प्रकाश हे सगळं त्यांच्या हातचं. नाव मात्र लोक नवऱ्याचं घेतात. या दोघांनी काम करायची जी पद्धत बसवली, ती समजली की पुढचं सगळं समजतं.

आपल्या दादासाहेब फाळक्यांनी 1915 साली ‘आगकाड्यांची मौज’ केला, तेव्हा एकेक काडी किंचित सरकवायची आणि एकेक चित्र घ्यायचं, असं केलं होतं. नोरश्टेन यांचं मूळ तत्त्व तेच. फक्त काडीच्या जागी कापलेली चित्रं. एकाखाली एक अशा आडव्या काचा, मधे अंतर ठेवलेलं, आणि सगळ्यांच्या वर, खाली बघणारा कॅमेरा. एका काचेवर झाड, दुसरीवर गवत, तिसरीवर पात्र. पात्रसुद्धा अखंड नाही. डोळा वेगळा, पापणी वेगळी, पंजा वेगळा. हे तुकडे चिमट्याने केसभर सरकवायचे, चित्र घ्यायचं, पुन्हा सरकवायचे. पडद्यावर सेकंदाला 24 चौकटी जातात. साडेदहा मिनिटांच्या सिनेमाचा हिशेब केला तर पंधरा हजारांवर चौकटी होतात. एक चित्र दोन चौकटींना वापरलं तरी साडेसात हजार वेळा हात चालवायचा. एक तुकडा चुकून हलला की तो प्रसंग पुन्हा पहिल्यापासून.

साडेदहा मिनिटांचा हा सिनेमा म्हणजे 1975 चा ‘धुक्यातला हेजहॉग’. हेजहॉग म्हणजे पाठीवर काटे असलेला छोटा प्राणी. आम्ही आपसात त्याला काट्या म्हणतो, इथेही तेच म्हणू. गोष्ट सर्गेई कोझलोव यांची, आणि अगदी साधी. काट्या रोज संध्याकाळी अस्वलाच्या पिल्लाकडे जातो. दोघं चहा पीत तारे मोजतात. एके दिवशी रास्पबेरीचा मुरंबा गाठोड्यात बांधून निघालेल्या काट्याला धुक्यात उभा पांढरा घोडा दिसतो. हा घोडा झोपला तर धुक्यात गुदमरेल का, असा प्रश्न त्याला पडतो, आणि ते बघायला तो धुक्यात उतरतो. पुढे तो हरवतो, घाबरतो, नदीत पडतो. कुणीतरी पाठीवर घेऊन त्याला काठाला लावतं. ते कोण, हे दिसत नाही. शेवटी तो अस्वलाजवळ पोचतो. अस्वल काळजीने एकसारखं बोलत असतं आणि काट्या मात्र घोड्याचा विचार करत बसलेला असतो.

हे धुकं कसं केलं? अगदी पातळ कागद चित्रावर ठेवायचा आणि प्रत्येक चौकटीला तो थोडा थोडा कॅमेऱ्याकडे उचलायचा. कागद वर येईल तसं खालचं अंधुक होत जातं. बस, एवढंच. कॅमेऱ्यामागे होते अलेक्झांडर झुकोव्स्की. 2003 साली टोकियोत जगभरच्या ॲनिमेशनवाल्यांनी कौल दिला, त्यात हा सिनेमा पहिला आला.

1979 चा ‘गोष्टींची गोष्ट’ मात्र सोपा नाही, आणि आम्हाला तो पहिल्या बैठकीत कळलाही नाही. रशियन आया मुलाला सांगतात, पलंगाच्या कडेला झोपू नकोस, करडा लांडगा येईल. त्या अंगाईतला लांडगा इथे पिल्लू होऊन एका ओसाड पडलेल्या घरात राहतो. ते घर म्हणजे नोरश्टेन यांचं मार्यिना रोश्चातलंच घर. सिनेमाचं नावही आधी त्या लांडग्यावरून होतं. वरून ते नामंजूर झालं, तेव्हा तुर्की कवी नाझिम हिकमत यांच्या एका कवितेचं नाव घेतलं. पटकथेला ल्युदमिला पेत्रुशेव्स्काया यांची साथ होती.

त्यातल्या एकाच प्रसंगाबद्दल सांगतो. रस्त्याच्या दिव्याखाली जोडपी नाचताहेत, जुनी टँगोची रेकॉर्ड लागली आहे. रेकॉर्ड अडखळते. दर अडखळण्याला एक पुरुष नाहीसा होतो. बाईचे हात तसेच, मिठीच्या आकारात, रिकामे. मग लष्करी कपड्यातल्या पाठमोऱ्या माणसांची रांग अंधारात जाते. पुढे परत येणारे थोडेच, त्यातला एक कुबडीवर. बंदूक नाही, रक्त नाही. आमच्यातल्या एकाचे वडील सैन्यात होते. तो उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ आत आला नाही. 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या निमित्ताने झालेल्या मतदानात आजवरचा सर्वोत्तम ॲनिमेशनपट म्हणून याच सिनेमाची निवड झाली.

आता भांडणाकडे येऊ. 1981 साली नोरश्टेन यांनी गोगोलची ‘ओव्हरकोट’ ही कथा हाती घेतली. गोगोल आपल्याला परका नाही. पुलंचं ‘अंमलदार’ त्याच्याच नाटकावरून आलेलं. ‘ओव्हरकोट’चा नायक अकाकी अकाकियेविच हा पीटर्सबर्गच्या एका सरकारी खात्यातला कारकून. आयुष्यभर कागदांच्या नकला करणारा. काही अक्षरं त्याची इतकी लाडकी, की ती आली की हा हसतो, डोळे मिचकावतो. जुना कोट शिवण्यापलीकडे जातो. नव्यासाठी हा रात्रीचा चहा सोडतो, मेणबत्ती लावत नाही, बुटाचे तळवे झिजू नयेत म्हणून चवड्यांवर चालतो. कोट येतो आणि पहिल्याच रात्री चोरीला जातो. दाद मागायला गेला, तर बडा साहेब असा खेकसतो की बिचारा तापाने जातो. कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाने ही कथा शांतपणे वाचून दाखवावी.

वर्षं गेली आणि काम मिनिटांनी मोजण्याएवढंच झालं. सहकाऱ्यांनी नोरश्टेनना सोनेरी गोगलगाय म्हणायला सुरुवात केली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर संथपणाचं कारण देऊन स्टुडिओने त्यांना काढलं. पुढे सोव्हिएत संघच राहिला नाही, पैसा आटला. 1999 मध्ये झुकोव्स्की गेले. नोरश्टेन यांनी ऐंशी ओलांडली, तरी ‘ओव्हरकोट’ अपुराच.

आमच्यातला एक गट म्हणतो, स्टुडिओने केलं ते बरोबर. पैसा जनतेचा, मुदत ठरलेली, हाताखालची माणसं खोळंबलेली. आम्ही एखादी फाईल चार वर्षं ठेवली तर लोक काय म्हणतील? शिवाय परिपूर्णतेच्या नावाखाली काम न संपवणं हाही एक अहंकार असू शकतो, असं हा गट म्हणतो, आणि त्यात तथ्य नाही असं नाही.

दुसऱ्या गटाचं म्हणणं, तयार झालेला भाग आधी बघा. अकाकी घरी येतो. थंडीने आखडलेला, टक्कल पडलेला, चेहरा जवळजवळ तान्ह्या बाळाचा. अंगावरचे कपडे उतरवतो, मेणबत्तीशी बसतो, लेखणी निरखतो, लिहू लागतो. घडत काहीच नाही. कपाळावरची आठी हलते, ओठ अक्षराबरोबर हलतात. सगळं कागदाच्या तुकड्यांचं, पण एका कारकुनाकडे इतका वेळ लावून कुणी बघितलेलं आमच्या पाहण्यात नाही. साहेब लोकांनी अकाकीकडे क्षणभरही नीट बघितलं नव्हतं. नोरश्टेन चाळीस वर्षं त्याच्याकडेच बघत आहेत. हे काम मुदतीत बसवायचं तर नेमकी कोणती आठी गाळायची?

यावर पहिला गट म्हणतो, अर्धाच अकाकी दाखवला तर त्याला न्याय कसा मिळाला? कोट चोरीला जायचा प्रसंग आम्हाला बघायचा होता. एकमत झालेलं नाही. चहा मात्र दोनदा झाला.

वेळ झाली, अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं आहे. आता ‘धुक्यातला हेजहॉग’ लावतो आहोत. संवाद रशियन आहेत, पण थोडेच, आणि गोष्ट तुम्हाला सांगून झाली आहे. मागच्या मुलांना पुढे सतरंजीवर येऊ द्या. समया राहू देत, ट्यूबलाइट तेवढ्या बंद करा.