खो मुलांनी द्यायचा



आपला हा शारीरिक शिक्षकांचा मेळावा राजगडाच्या पायथ्याशी, पालीसारख्या गावात भरला आहे. गडाच्या पाली दरवाजाची वाट इथूनच चढते. या मातीतल्या पोरांना दमसास आपण शिकवायला नको. पाय, छाती आणि खेळायची हौस घेऊनच ती आपल्याकडे येतात. दहावीपर्यंत त्यातली हौस किती उरते, यावर आज बोलायचं आहे.

स्पर्धांचा सराव आणि भातलावणी एकाच हंगामात येतात. एखादी मुलगी खाचरातलं काम उरकून मैदानावर पोहोचते, तिला उशीर होतो. आपण सवयीने म्हणतो, 'पाच फेऱ्या मार.' धावणं हा ज्या खेळाचा प्राण, तेच धावणं आपण शिक्षा म्हणून देतो आणि चार दिवसांनी सामन्यात तिने जीव तोडून पळावं अशी अपेक्षा धरतो. उशिराचा जाब जरूर विचारा. आधी कारण ऐकून घ्या. पण फेऱ्या शिक्षेच्या यादीतून कायमच्या काढा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

याचा अर्थ धाक नको असा नाही. गुडघा सुजला असेल तर त्या दिवशी खेळायचं नाही, वीज कडाडली की मैदान रिकामं करायचं, धाकट्याला चिडवणारा थेट बाहेर बसणार. इथे चर्चा नाही, शिक्षकाचा शब्द अखेरचा. मुलांनाही असा शब्द हवा असतो. मारहाणीला आणि मानसिक छळाला मात्र २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी घातली आहे, आणि कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं.

माराचा विषय आला की क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सरांचं नाव हमखास निघतं. ठरलेला सामना सोडून दुसऱ्यांचा खेळ पाहायला गेलेल्या सचिनला त्यांनी थप्पड लगावली, हे सचिन तेंडुलकरनेच सांगितलं आहे. ती थप्पड आपण पुन्हापुन्हा ऐकवतो आणि सरांचा रुपया विसरतो. सराव संपत आला, पोरगा थकला की सर स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवत. जो त्याला बाद करेल त्याचं ते नाणं, कुणालाच जमलं नाही तर सचिनचं. अशी तेरा नाणी त्याने जपून ठेवली. मला सरांचं थोरपण त्या नाण्यात दिसतं. दमलेल्या मुलाचं लक्ष शेवटपर्यंत टिकवायचं होतं. त्यासाठी त्यांनी खेळात आणखी एक खेळ घातला. नियम सरांचा, चुरस मुलांची.

आपला खो-खो तर याच तत्त्वावर उभा आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये या खेळाला नियमांत बसवलं. धरलेली दिशा सोडायची नाही, मधली पाटी ओलांडायची नाही, खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही. एवढी बंधनं असूनही मुलं त्यात रंगून जातात, कारण खो कधी आणि कुणाला द्यायचा हे त्यांचं त्यांनी ठरवायचं असतं. तेवढंही आपण हिसकावून घेतो. बाहेरून ओरडतो, 'दे खो! दे, दे!' आक्रमक मुलगी क्षणभर मान वळवून आपल्याकडे पाहते. तेवढ्यात समोरची हूल देऊन निसटते, आणि विश्रांतीत बोलणी बसतात तिलाच.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ जिंकले, आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. प्रियांकाचं नाव घेऊन घराघरांत जा. पण वयात येणाऱ्या मुलीला मैदानावर पाठवताना आई-बाप आधी शिक्षकाचा हात आणि जीभ पारखतात, चषक नंतर मोजतात.

म्हणून या हंगामापुरता एक ठराव मी मांडतो. सरावाची शेवटची पंधरा मिनिटं मुलांची. संघ त्यांनी पाडायचे, पंचही त्यांच्यातलाच. सामन्यात डाव सुरू असताना आपण बाकावर गप्प बसायचं. विश्रांतीत आधी कर्णधार बोलेल, मग आपण. ज्यांना हे मान्य असेल त्यांनी आत्ताच हात वर करावा, आणि ज्यांना मान्य नसेल त्यांनी इथे येऊन आपलं म्हणणं मांडावं. माईक मी त्यांच्यासाठी सोडतो.