खर्चावरील पहारा आणि त्याची मर्यादा

संसदेच्या लोकलेखा समितीत लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७ सदस्य असतात. मंत्र्याला तेथे स्थान नाही. १९६७ पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत आहे. महालेखापरीक्षकांच्या अहवालांच्या आधारे ती सचिवांची साक्ष घेते, उधळपट्टी उघडकीस आणते. परंतु तोवर पैसा खर्च झालेला असतो. ही शवचिकित्सा आहे, उपचार नव्हे. मूळ धोरणाची योग्यायोग्यता तिच्या कक्षेबाहेर. शिफारशीही सरकारवर बंधनकारक नाहीत. उलट, अनेक खात्यांच्या मागण्या लोकसभेत चर्चेविनाच एकगठ्ठा मंजूर होतात. समिती जाब विचारू शकते. तो द्यावयास भाग पाडण्याचे बळ मात्र जागृत लोकमतातच असते. म्हणून तिचे अहवाल गावोगावच्या सभांत वाचले जाणे, हे कार्यकर्त्यांचेच काम ठरते.