अर्जाखालची सही



संयोजकांनी मला विषय दिला होता 'कायदे आणि मुस्लिम तरुण'. मी वकील नाही. सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, इंजिनिअरिंग शिकलो. कायद्याचं जे काही थोडं कळतं, ते आम्ही सात-आठ जणांनी रविवारी असरच्या नमाजनंतर बसून एक विधेयक वाचलं, त्यातून आलेलं आहे. त्या विधेयकाबद्दलच बोलायला आलोय. पण आधी तुम्हाला २०१४ मध्ये नेतो, कारण आमचं वाचन खरं तर तिथल्या एका चुकीतून सुरू झालं.

जुलै २०१४. मला नोकरी लागून वर्ष झालं होतं. राज्य सरकारने अध्यादेश काढले. मराठा समाजाला १६ टक्के आणि मुस्लिमांमधल्या मागास गटांना ५ टक्के आरक्षण, शिक्षणात आणि सरकारी नोकऱ्यांत. मिरजेत आमच्या गल्लीत पेढे वाटले. माझा धाकटा भाऊ बारावीत होता. अब्बांनी त्याच्या दाखल्यासाठी दादांच्या शाळेपासूनचे कागद गोळा करायला घेतले. १४ नोव्हेंबरला मुंबई उच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला आणि मुस्लिमांच्या नोकऱ्यांतल्या आरक्षणाला स्थगिती दिली. सरकारी शिक्षणसंस्थांमधले आपले ५ टक्के मात्र चालू ठेवले. आमच्या गल्लीत पुन्हा पेढे.

आता, अध्यादेश ही तात्पुरती गोष्ट असते. अधिवेशन चालू नसताना राज्यपाल तो काढतात. राज्यघटनेचं कलम २१३ सांगतं की विधानमंडळ पुन्हा भरलं की तिथून सहा आठवड्यांत अध्यादेश आपोआप संपतो. टिकवायचा असेल तर त्या आत विधेयक आणून मंजूर करावं लागतं. तो रद्द करायला कुणाला काही करावं लागत नाही. नुसतं बसून राहिलं तरी पुरे. मधे निवडणूक झाली होती, सरकार बदललं होतं. डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात मराठा आरक्षणाचं विधेयक आलं आणि मंजूर झालं. आपलं आलंच नाही. अध्यादेश संपला. मार्च २०१५ मध्ये एका शासन निर्णयाने उरलेलं कागदोपत्री अस्तित्वही गेलं.

अब्बा तोपर्यंत दाखल्याच्या चकरा मारत होते. माझ्याकडे इंटरनेट होतं, इंजिनिअरिंगची पदवी होती, आणि सहा आठवड्यांचं हे घड्याळ चालू आहे हे मला माहीत नव्हतं. आमच्या गल्लीतल्या कुणालाच नव्हतं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आमच्या आमदाराला कुणी एक पत्रसुद्धा लिहिलं नाही. लिहिलं असतं तर विधेयक आलं असतं, असं मी म्हणत नाही. पण मागितलंच नाही, ही गोष्ट मला अजून टोचते.

आणि त्याच मार्चच्या त्याच आठवड्यात गोवंश हत्याबंदीच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती आल्याची बातमी आली. विधेयक मंजूर झालं होतं १९९५ मध्ये, संमती मिळाली २०१५ मध्ये. वीस वर्षं फाइल जिवंत होती! साहजिकच सगळीकडे मांसाचीच चर्चा. आमच्या कुरेशी भावांच्या पोटावर आलं होतं, चर्चा व्हायलाच हवी होती. पण आरक्षण त्या गदारोळात कधी गेलं ते कळलंसुद्धा नाही.

त्या कायद्याचं पुढे काय झालं हेही पाहा. ६ मे २०१६ ला उच्च न्यायालयाने हत्याबंदी कायम ठेवली, पण परराज्यातून आणलेलं मांस नुसतं जवळ असणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. मी निर्दोष आहे हे आरोपीनेच सिद्ध करायचं, असं सांगणारं कलमही रद्द केलं. मोर्चे दोन्हींसाठी निघाले होते. टिकला तो कलमाकलमाने मांडलेला मुद्दा. मोर्चा काढू नका असं मी सांगत नाहीये. मोर्चातल्या निदान दहा जणांनी कागद वाचलेला असावा, एवढंच.

आता आमच्या विधेयकाकडे येतो. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक. पहिल्यांदा आलं जुलै २०२४ मध्ये. आम्ही ते वाचलं नाही. नावात मुस्लिम नाही, वक्फ नाही, उद्देशात शहरी नक्षलवाद लिहिलेला. आम्ही म्हटलं, आपला काय संबंध? डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरला ते पुन्हा मांडलं गेलं आणि दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं. समितीने जनतेकडून सूचना आणि हरकती मागवल्या. तेव्हा आम्ही बसलो.

पहिला रविवार फुकट गेला. मी इंग्रजी मसुदा आणला होता, कारण मला इंग्रजी सोपं जातं. आमच्यातले दोघे उर्दू माध्यमातले, त्यांना ना ते इंग्रजी झेपेना, ना मसुद्याचं मराठी. शेवटी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या एक आपा पुढे झाल्या. त्या म्हणाल्या, "विधानभवनात मराठीत बोलतात ना? मग मराठीतच वाचू." त्यांनी एकेक खंड मोठ्याने वाचायचा, मग प्रत्येकाने तो आपल्या शब्दांत सांगायचा. ज्याला सांगता येणार नाही त्याच्यासाठी पुन्हा वाचायचा. सभागृहापुढे असताना 'खंड' म्हणतात, कायदा झाला की त्याचंच 'कलम' होतं, हेही मला तिथेच कळलं.

तिसऱ्या रविवारी व्याख्येवर आलो. 'बेकायदेशीर कृत्य' कशाला म्हणायचं? माझ्या शब्दांत सांगतो: सार्वजनिक सुव्यवस्थेला आणि शांततेला धोका ठरेल असं कृत्य. कायद्याच्या अंमलात अडथळा आणण्याकडे ज्याचा कल आहे असं कृत्य. प्रस्थापित कायदा मोडायला उत्तेजन देणं. नुसतं करणंच नव्हे, बोलणं, लिहिणं, खुणा किंवा चित्रं हेही त्यात. आपा वाचता वाचता थांबल्या. "मग मिठाचा सत्याग्रह यात बसतो की," म्हणाल्या. कुणी हसलं नाही. पुढे शिक्षेचे खंड होते. बेकायदेशीर ठरवलेल्या संघटनेचं नुसतं सदस्य असणं म्हणजे तीन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड. सदस्य नसताना मदत केली तर दोन वर्षं. प्रत्यक्ष कृत्याला सात. गुन्हा अजामीनपात्र.

आमच्यातला एक जण मुशायरे भरवतो, एक रक्तदान शिबिरं घेतो, एक रिक्षा युनियनमध्ये आहे. प्रत्येक जण मनातल्या मनात आपली संघटना त्या व्याख्येत घालून बघत होता.

अर्ज लिहायला दोन रविवार लागले. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, 'समस्त मुस्लिम समाजाच्या वतीने'. आपांनी विचारलं, "वतीने म्हणजे? कुणी दिलं तुला वकीलपत्र?" खोडलं. 'खाली सह्या करणारे मिरजेचे रहिवासी' असं केलं. मुद्दे चारच ठेवले. व्याख्येतला 'कल' हा शब्द. सल्लागार मंडळात कोण असणार. तपास कोणत्या दर्जाचा अधिकारी करणार. आणि संघटनेची जागा, मालमत्ता ताब्यात घ्यायचे अधिकार. प्रत्येक मुद्द्यापुढे खंडाचा क्रमांक, त्याखाली काय बदलावं ते.

मग सह्यांची वेळ आली.

वाचनाला वेगवेगळ्या रविवारी मिळून सत्तावीस जण येऊन गेले होते. सही करायला अकरा राहिले. बाकीच्यांना मी भित्रे म्हणणार नाही, तुम्हीही म्हणू नका. एकाचा पासपोर्ट अर्जात होता, आखातातली नोकरी ठरलेली. एकाच्या भावावर जुनी केस. मी स्वतः घरी विचारलं तेव्हा अब्बा बराच वेळ गप्प होते. ते एसटीत मेकॅनिक होते, कामगार संघटनेत होते, संपात होते. २००९ च्या गणेशोत्सवात आमच्या गावात दंगल झाली, त्यानंतरचे महिने त्यांनी पाहिले आहेत. कोणाचं नाव कुठल्या यादीत आहे, याची रोज रात्री होणारी कुजबुज त्यांनी ऐकली आहे. ते म्हणाले, "अर्ज कर. नाव नको टाकूस. सुरक्षेच्या कायद्याला विरोध, आणि खाली आपलं नाव. कोण वाचणार मुद्दा?"

मी म्हणालो, "अब्बा, नाव नसलेल्या अर्जाला कोण विचारतं?"

ते म्हणाले, "नाव असलेल्याला तरी कोण विचारतं?"

याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आजही पूर्ण नाही. मी सही केली. भीती गेली म्हणून नव्हे. तो अर्ज कायद्याने मागवला होता. समितीने स्वतः जाहिरात देऊन विचारलं होतं, तुमचं म्हणणं काय. विचारलेल्याचं उत्तर द्यायलाही आपण घाबरलो, तर उद्या कुणी न विचारता काय बोलणार? सकाळी निघताना अब्बा एवढंच म्हणाले, "साध्या पोस्टाने नको पाठवू. रजिस्टर एडी कर." त्यांनी सही केली नाही. पोचपावतीचं कार्ड आलं ते मात्र त्यांनीच कपाटात ठेवलंय, रेशनकार्डाच्या पिशवीत.

निकाल तुम्हाला माहीत आहे. समितीकडे राज्यभरातून बारा हजारांहून अधिक सूचना आल्या. २०२५ मध्ये, १० जुलैला विधानसभेने आणि ११ जुलैला विधान परिषदेने विधेयक मंजूर केलं. समितीत विरोधी पक्षांचेही आमदार होते. तरी विधानसभेत विरोध नोंदवला तो एकट्या डहाणूच्या विनोद निकोले यांनी. समितीने तीन मुख्य बदल केले. उद्देशातून 'व्यक्ती' हा शब्द काढून रोख कडव्या डाव्या आणि तशाच संघटनांवर नेला. सल्लागार मंडळाची रचना बदलली, उच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायमूर्ती त्याचे अध्यक्ष असतील. आणि तपास उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करेल.

आमच्या चारपैकी दोन मुद्द्यांच्या जवळपास बदल झाले. आमच्यामुळे झाले, असं म्हणायला मी वेडा नाही. बारा हजारांत आमचा एक. आणि सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, व्याख्येतला तो 'कल', तसाच आहे. म्हणजे हरलो का? बऱ्याच अंशी हो. 'तशाच संघटना' म्हणजे कोणत्या, हे उद्या एखादा अधिकारी ठरवणार. पण प्रकरण कोर्टात जाईल तेव्हा कुठल्या शब्दावर बोट ठेवायचं, हे आज मिरजेतल्या अकरा लोकांना माहीत आहे. २०१४ मध्ये एकालाही नव्हतं.

आता सगळ्या गोष्टी विधानभवनातच ठरतात असं नाही. माझी बहीण ज्या गावात दिली आहे, तिथलं कब्रस्तान भरलंय. जुन्या कबरींवरच नव्या खोदाव्या लागतात. गावाच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला होता, नियमाप्रमाणे हरकती आणि सूचनांसाठी ३० दिवस होते. कब्रस्तानासाठी जागा आरक्षित करा, असा एकही अर्ज गेला नाही. लोक नगरसेवकाच्या घरी गेले, दोनदा आमदाराकडे गेले, निवडणुकीत आश्वासन घेतलं. आराखडा मंजूर झाला, जागा नाही. आता तो बदलून घ्यायचा म्हणजे मंत्रालयापर्यंतची वाट. माझे मेहुणे म्हणतात, नोटीस पेपरात आतल्या पानावर होती. होती ना, पण होती.

शेवटची गोष्ट, आणि हीच तातडीची. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली. सक्तीचं धर्मांतर आणि त्यांच्या शब्दांत 'लव्ह जिहाद', यावर कायदा कसा करायचा हे ती सुचवणार होती. अशा मसुद्यावर बोलायला किती दिवस मिळतात हे आपल्या हातात नसतं. पण अशाच कायद्यांचे मजकूर उत्तर प्रदेशात, गुजरातमध्ये, मध्य प्रदेशात छापलेले आहेत. गुजरातच्या कायद्यातल्या काही कलमांना तिथल्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगिती दिली, तो आदेशही वाचायला मिळतो. दोन सज्ञान माणसांनी आपल्या मर्जीने केलेलं लग्न कुठल्या शब्दामुळे गुन्ह्याच्या कक्षेत ओढलं जातं, ते त्यात दिसतं. आणि हो, फसवून, धाक दाखवून कुणाचं धर्मांतर झालं तर ते चूकच. हे आपल्या अर्जात पहिल्या ओळीत लिहिलेलं असावं, असं माझं मत आहे. आमच्या गटात त्यावर अजून वाद चालू आहे.

पुढच्या रविवारी असरनंतर आम्ही गुजरातचा कायदा वाचायला घेतोय. प्रती मी काढून आणतो. मराठी भाषांतर आपा करतायत, त्यांना एक मदतनीस हवा आहे, मराठी शुद्धलेखन चांगलं असलेला. तुमच्यापैकी कोणी असेल तर जाताना मला भेटा.